बूट काढल्यावर निकाल

कुवेतमधल्या हवल्लीतल्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती अशा, की शेजारच्याला ठसका लागला तर पाणी आपण प्यावं. त्यामुळे वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आल्याचं मला कुणी सांगावं लागलं नाही. रोज संध्याकाळी मी शाळेतून येऊन जरा पाठ टेकली, की डोक्यावरून वरवंटा गडगडत जायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग थोडी शांतता, मग पुन्हा गडगड. आमचे हे म्हणाले, जाऊ दे, परक्या मुलखात भांडण नको. भांडण नको म्हणणारी माणसं त्या वेळी कुवेत सिटीत एसीत बसून हिशेब लिहीत असतात. मी ओढणी खोचली आणि वर गेले.

दार उघडलं ते पन्नाशीच्या एका उंच बाईंनी. डोक्याला गच्च बांधलेला रुमाल, पायात घरातसुद्धा पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि कडेवर मूल घ्यावं तसा बोलिंगचा जाडजूड निळा चेंडू. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "खालच्या वैनी ना तुमी? बरा झाला आलात. मना सांगा, खालून आवाज कसा येतो? सरळ जातो का मधेच वळतो?"

मी भांडायला गेले होते. पण प्रश्न इतका सरळ होता, की मी विचार करून उत्तर दिलं. म्हटलं, शेवटी शेवटी डावीकडे जातो. बाईंनी कपाळावर हात मारला आणि मनगट ढिलं पडत असल्याचं मला अशा काही गांभीर्याने सांगितलं, की जणू मी खास तेवढ्यासाठी जिना चढून आले होते. पॅसेजमध्ये एकावर एक सतरंज्या अंथरलेल्या होत्या आणि पलीकडच्या टोकाला गादी भिंतीला टेकवून उभी केली होती. मग चहा आला, चहाबरोबर नारळाची वडी आली, आणि भांडण राहूनच गेलं. ते पुढेही कधी झालं नाही. चेंडू मात्र रोज गडगडत राहिला, आणि तो कोणत्या बाजूला वळतो हे मी रोज खिडकीतून ओरडून सांगू लागले.

या शमीमबाई. रत्नागिरीकडच्या. ज्या भारतीय शाळेत मी फिजिक्स शिकवते, तिथेच त्या खेळाच्या शिक्षिका म्हणून लागल्या होत्या. आम्ही माझ्या गाडीतून बरोबर जायचो. बिल्डिंगमध्ये मी 'वैनी' आणि शाळेच्या फाटकाच्या आत 'मॅडम', हा त्यांचा कायदा. गाडीत सुकटीची चटणी कशी परतायची ते चाललेलं असायचं. फाटक आलं, की वाक्य अर्धवट तोडून त्या ताठ बसायच्या आणि "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणून उतरायच्या. चटणीचा उरलेला भाग मला दुपारी परतीच्या वाटेवर मिळायचा, तोही नेमका तोडलेल्या शब्दापासून.

गळ्यात शिटी होती, पण ती वाजवलेली मी कधी ऐकली नाही. शिटी बकऱ्यांना, असं त्यांचं म्हणणं. मुलींना बोलवायचं तर टाळी. बुटांना रोज खडू फासून ते पांढरे करायच्या. त्यासाठी माझ्या वर्गातले खडूचे तुकडे गोळा करून न्यायच्या आणि माझा फळा कोरडा पडायचा. मी ओरडले, की म्हणायच्या, तुमचा फिजिक्स मुली विसरतील, माझे बूट नाय विसरणार. खरंच होतं ते, म्हणून राग यायचा.

त्यांनी मुलींचा बोलिंगचा संघ काढला. आमच्या शाळेत खेळ म्हणजे वार्षिक संमेलनात लेझीम आणि लिंबू-चमचा. बोलिंग हे पैसेवाल्यांनी वाढदिवसाला करायचं काम. पण शमीमबाईंना दुसरा खेळ करायचाच नव्हता, आणि त्यामागे त्यांचा नवरा होता. इस्माईलभाई साल्मियातल्या एका बोलिंगच्या हॉलमध्ये यंत्रं सांभाळायचे. चेंडू फेकणाऱ्याला लांबवर दहा पिना दिसतात. त्या पिनांच्या मागे भिंत असते, आणि भिंतीमागे एक लांबट अरुंद बोळ. पडलेल्या पिना उचलून पुन्हा उभ्या करणारी यंत्रं त्या बोळात असतात. इस्माईलभाईंचा सगळा जन्म त्या बोळात तेलकट हातांनी गेला. शमीमबाई डबा घेऊन जायच्या आणि उलट्या क्रेटवर बसून राहायच्या. तिथून खेळणारा दिसत नाही, आकडे दिसत नाहीत, फक्त चेंडू येताना ऐकू येतो आणि पिना कोसळताना ऐकू येतात. खेळ मी मागून शिकले, असं त्या म्हणायच्या. आवाजावरून त्या सांगायच्या, की किती पिना पडल्या, आणि आत यंत्राचा कुठला पट्टा घासतोय.

इस्माईलभाई कामावरच गेले, हृदयविकाराने. शमीमबाई त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर होत्या. तो इकामा त्यांच्याबरोबरच संपला. इथे राहायचं, तर नोकरी हवी आणि नोकरीबरोबर येणारा स्वतःचा इकामा हवा. बी.पी.एड. केलेलं होतं, ते ट्रंकेतून काढलं आणि त्या आमच्या शाळेत आल्या. हॉलचा मॅनेजर इस्माईलभाईंना मानायचा. त्याने सकाळी हॉल रिकामा असतो तेव्हा या मुलींना सराव करू द्यायचं कबूल केलं.

मी कधीकधी गाडी घेऊन जायची, तेव्हा मागे बसून बघायची. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, हा संघ आहे की खुळ्यांचा बाजार. एखादी मुलगी धावत जाऊन चेंडू सोडायची आणि तो पिनांपर्यंत पोचायच्या आत पाठ फिरवून उभी राहायची. पिनांकडे बघायचंच नाही. हा शमीमबाईंचा पहिला नियम. "चेंडू सुटला, की तो अल्लाचा. तू तुज्या माणसांकडे बग." आणि ती जी माणसं, म्हणजे बाकावर बसलेल्या बाकीच्या तिघी, त्यांना दुसरा नियम: पिना पडोत न पडोत, तोंड हसरं ठेवायचं. कारण वळणारीला आधी तुमचं तोंड दिसतं. तिथेच जर सुतक दिसलं, तर पुढचा चेंडू ती रडतच टाकणार. सुरुवातीला मुलींचं ते हसू इतकं खोटं असायचं, की मलाच हसू यायचं. पुढे ते खरं होत गेलं.

तिसरा नियम सगळ्यांत कडक. वर टीव्हीसारखा पडदा असतो, त्यावर नावं आणि आकडे येत राहतात. त्याकडे बघायचं नाही. बाक असे फिरवून ठेवायच्या, की पडदा पाठीमागे जाईल. स्वतःही पडद्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. खेळ संपायचा, मुली भाड्याचे बूट काढून काउंटरवर ठेवायच्या, स्वतःच्या चपला घालायच्या, आणि मग त्या सांगायच्या. मधे कुणी विचारलं, "मिस, किती झाले?" की ठरलेलं उत्तर: बूट काढल्यावर. शाळेत ते इतकं रुळलं, की युनिट टेस्टच्या पेपरांचं विचारलं तर मीही तेच सांगायला लागले.

पिनांना त्यांनी नावं ठेवली होती. सगळ्यांत पुढची एकटी पिन म्हणजे मुकादम. तो पडला, की मागचे आपोआप पडतात. मागच्या दोन टोकांच्या पिना म्हणजे सासू आणि नणंद. बाकी सगळं घर कोसळलं आणि फक्त त्या दोघी दोन कोपऱ्यांत उभ्या राहिल्या, तर एका चेंडूत त्यांना पाडणं जवळजवळ अशक्य. असं झालं, की चारही मुली एका सुरात "सासू-नणंद!" म्हणून ओरडायच्या. त्यातली अंजू केरळची, क्रिस्टिना गोव्याची, तिसरी झोया. अंजूला सासू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, हा बोलिंगचा शब्द आहे.

संघातली सगळ्यांत तयार मुलगी ईशा. पुण्याची, म्हणजे आईवडील पुण्याचे. तिचा जन्म इथलाच. मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची. वडील मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर. बारावीचं वर्ष आलं, तसं त्यांनी ईशाला संघातून काढायचं ठरवलं. शमीमबाई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. ईशाच्या बाबांनी चहा दिला, चिवडा दिला आणि एक सभ्य प्रश्न विचारला, की या सगळ्याचा रिझल्ट काय. शमीमबाई म्हणाल्या, तो मी बघत नाय, बूट काढल्यावर सांगीन. ते हसले. हसणारा माणूस थोडा तरी हलतो. शमीमबाईंनी मग एवढंच म्हटलं, की ईशा घरात बोलते किती ते आठवा आणि हॉलमध्ये येऊन ऐका. ते खरंच एकदा आले. मुलगी बाकीच्या तिघींबरोबर "सासू-नणंद" म्हणून किंचाळताना त्यांनी बघितली आणि परत गेले. ईशा संघात राहिली.

त्याच वर्षी शाळेत नवीन मॅनेजमेंट आलं. नवीन मॅनेजमेंटला जुन्या गोष्टींतलं काय बंद करता येईल, ते आधी दिसतं. बोलिंगचा वेळ प्रवेश परीक्षांच्या क्लासला द्यायचा, असं ठरलं. शमीमबाई गेल्या, उभ्या राहिल्या, बोलल्या. शेवटी त्यांना सांगण्यात आलं, की यंदाच्या शाळांच्या स्पर्धेत मुली पहिल्या तिनात आल्या, तर संघ चालू राहील. नाही आल्या, तर संघ बंद, आणि खेळाच्या दुसऱ्या शिक्षिकेची गरजही संपली. दुसऱ्या शिक्षिका म्हणजे शमीमबाईच.

परतताना गाडीत त्यांनी मला हे सांगितलं, चटणीची कृती सांगावी तितक्याच सपाट आवाजात. मी आपली समजूत घालायची म्हणून बोलले, गावाला घर आहे, दीर आहे, समुद्र आहे, इथल्या उन्हात काय ठेवलंय. उतरताना त्यांनी विचारलं, "वैनी, येत्या जुम्म्याला गाडी आणाल काय?"

शुक्रवारी त्यांनी मला सुलेबिखातच्या कबरस्तानाकडे न्यायला सांगितलं. मला वाटलं, आत जायचं असेल. पण एका ठिकाणी भिंतीच्या कडेने त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांच्या घराण्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. इस्माईलभाईंना पुरलं, तेव्हा गावाहून आलेला दीर आत गेला होता. त्याने बाहेर येऊन सांगितलं होतं, की तो दिव्याचा खांब दिसतो ना, त्याच्या सरळ रेषेत आत. एवढ्यावर त्या दर शुक्रवारी येत होत्या. टॅक्सीने, उन्हात, वाळूच्या वाऱ्यात. कबर त्यांनी कधी बघितलेलीच नव्हती. हात पसरून काही पुटपुटल्या, तोंडावरून हात फिरवला, आणि भिंतीला एकदा तळवा लावला.

गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "गावाला घर हाय. पण हा हितेच ऱ्हायला ना, वैनी. मी गेले, तर हिते कोण उभा ऱ्हाणार?"

इकामा संपला, की माणूस जातो, हा इथला नियम आहे, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, असं आपण एकमेकांना सांगत असतो. आपण सगळे इथे जाण्यासाठीच आलेलो असतो. पण कुणाचं माणूस या वाळूत राहिलं, तर त्याला कुठला नियम लावायचा, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

स्पर्धा नेमकी त्याच साल्मियाच्या हॉलमध्ये होती. मुलींची स्पर्धा म्हणून त्या दिवशी हॉलमध्ये फक्त बायका. ईशाचे बाबा खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून होते आणि मला मेसेजवर मेसेज पाठवत होते. मी वर मुलींच्या आयांबरोबर बसले होते. आमच्या मुली ज्या काही खेळल्या त्या दिवशी! चेंडू सोडायचा, गर्रकन वळायचं, समोर तीन हसरी तोंडं, पाठीमागे पिना कोसळतायत. इतर शाळांच्या मुलीही मान वळवून बघायला लागल्या. शमीमबाई पडद्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, डोळे जवळजवळ मिटून उभ्या होत्या. त्या फक्त ऐकत होत्या.

चेंडू ज्या लाकडी पट्ट्यावरून सोडतात, त्या आमच्या पट्ट्याचं यंत्र शेवटच्या गेमच्या मध्यावर अडकलं. पिना अर्ध्याच खाली आल्या आणि लटकून राहिल्या. मागच्या बोळातून कुणीतरी ठोकायला लागलं. मला वरूनही दिसलं, की शमीमबाईंचा चेहरा बदलला. त्या पिनांच्या भिंतीकडे बघत होत्या, ओठ हलत होते. त्यांनी मला नंतर सांगितलं, की तो नवीन माणूस हातोडा मारत होता, आणि त्या यंत्राला हातोडा चालत नाही. इस्माईलभाई नुसता यंत्रातला पट्टा सैल करायचे. त्या वेळी त्यांचं सगळं चित्त त्या आवाजात होतं. हॉलवाल्यांनी मुलींना शेजारच्या पट्ट्यावर जायला सांगितलं. तिथली फिलिपिनो मुलगी झटपट बटणं दाबत नावं नव्याने भरत होती. भरून झाल्यावर तिने विचारलं, "मॅम, नेम्स ओके?"

शमीमबाईंनी मागे न बघता हात वर केला आणि म्हणाल्या, "ओके, ओके."

त्या मुलीने नावं वेगळ्या क्रमाने भरली होती. आमच्या मुली मात्र जुन्याच क्रमाने खेळत राहिल्या. ईशाने टाकलेले चेंडू अंजूच्या नावावर चढत गेले, अंजूचे झोयाच्या, झोयाचे क्रिस्टिनाच्या, आणि क्रिस्टिनाचे ईशाच्या. दुसऱ्या कुठल्याही संघात हे पहिल्याच चेंडूला कळलं असतं. दुसऱ्या कुठल्याही संघातल्या मुली चेंडू टाकला, की आधी वर बघतात. आमच्या बघत नव्हत्या. त्यांना बघायचं नाही, हे शिकवलेलं होतं, आणि त्या गुणी मुली होत्या. आम्ही वर बसलेल्या फक्त संघाची बेरीज बघत होतो. बेरजेत नावं नसतात.

बेरीज पहिल्या नंबराची होती. मी खाली धावले. मुली बूट काढत होत्या, आणि शमीमबाई बाकावर बसून त्यांच्या नाड्या सोडवायला मदत करत होत्या. चौथा बूट, पाचवा बूट. सगळ्या मोज्यांवर उभ्या राहिल्यावर त्यांनी मला मानेनेच विचारलं, आणि मी म्हटलं, पहिला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी डाव्या हाताचा तळवा शेजारच्या खांबाला लावला आणि तसाच ठेवला. मी ईशाच्या बाबांना मेसेज केला.

मग वैयक्तिक पदकं जाहीर झाली. सगळ्यांत चांगल्या खेळाचं पदक: अंजू. अंजू पुढे गेली, पदक हातात घेतलं, समोर लावलेल्या कागदावरचे आकडे बघितले आणि थांबली. ती पोरगी स्वच्छ होती. ती टेबलाशी गेली आणि म्हणाली, की हे माझे नाहीत, मला इतके सलग कधीच जमलेले नाहीत, हे ईशाचे आहेत. पदक परत करायला गेली होती ती. तिला वाटलं, नाव बदलून ईशाचं लिहितील आणि प्रश्न मिटेल.

टेबलावरच्या बायकांची डोकी एकत्र आली. फिलिपिनो मुलीला बोलावलं. ती रडायलाच लागली. स्पर्धेच्या प्रमुख एक वयस्क कुवेती बाई होत्या, अतिशय सौम्य. त्यांनी शमीमबाईंना जवळ बसवलं, हात हातात घेतला आणि दुभाष्या मुलीकरवी नियम सांगितला. पट्टा बदलला, की नावांचा क्रम तपासून हो म्हणायची जबाबदारी शिक्षिकेची. त्यानंतर पाळी सोडून टाकलेला चेंडू मोजला जात नाही. म्हणजे नव्या पट्ट्यावरचा एकही चेंडू मोजला जाणार नव्हता. बाईंनी विचारलं, तुम्ही हो म्हणाला होतात का?

शमीमबाई "नाही" म्हणू शकल्या असत्या. ती रडणारी मुलगी काही त्यांना खोटं पाडायला गेली नसती. त्या म्हणाल्या, हो, मी म्हणाले होते. कुवेती बाई पुन्हा पुन्हा "मालेश, मालेश", असू दे, असू दे, म्हणत त्यांचा हात थोपटत राहिल्या. आमचा संघ पहिल्यावरून शेवटी गेला.

शमीमबाई टेबलापासून उठून वळल्या. समोर बाकाशी चौघी मोज्यांवर उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. आणि त्या पोरींनी काय करावं? शिकवल्याप्रमाणे तोंडं हसरी केली. अंजूचे डोळे गळत होते आणि खाली ओठ हसत होते. मी आयुष्यात पुष्कळ निकाल लावले, नापास झालेल्या मुलांच्या आयांसमोर बसले. पण असं मी दुसऱ्यांदा बघू शकणार नाही. शमीमबाईंनी आधी अंजूला पोटाशी धरलं आणि तिला कळावं म्हणून हिंदीत म्हणाल्या, "तूने सही बोला. सही बोला, बेटा."

खाली पार्किंगमध्ये ईशाच्या बाबांनी तोवर कुठून तरी पेढे आणलेले होते. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, अच्छा, आणि खोका गाडीत मागच्या सीटवर ठेवून दिला.

पुढचं सगळं रीतसर झालं. मॅनेजमेंटने सहानुभूतीने नोटीस दिली. मी भांडायला गेले. या वेळी जिना उतरून आले तेव्हा हातात काहीच नव्हतं, नारळाची वडीसुद्धा. दुसऱ्या दोन शाळांत शब्द टाकला, पण वय विचारून लोक गप्प बसले. संघाच्या तासाला आता प्रवेश परीक्षेचा क्लास असतो, आणि तो मीच घेते. अंजू पहिल्या बाकावर बसते आणि एक शब्द बोलत नाही. तिला कितीदा सांगितलं, तुझी चूक नाही. ती मान हलवते. तिला ते पटत नाही, आणि पटवून द्यायला माझ्याकडे फिजिक्सशिवाय काही नाही.

वरच्या मजल्यावरचं गडगडणं त्या दिवसापासून बंद झालं. मी एका संध्याकाळी वर गेले. चेंडू कोपऱ्यात टॉवेलवर ठेवलेला होता आणि सतरंज्यांच्या घड्या झाल्या होत्या. शमीमबाई बूट पुढ्यात घेऊन बसल्या होत्या, खडू हातात, पण फासत नव्हत्या. मी शेजारी बसले. त्या बुटाकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "वैनी, एकदा बगायला काय झाला होता मना?"

मी म्हटलं, तुमचा नियमच होता तो. त्या म्हणाल्या, नियम पोरींना होता, मना कोणी सांगितला होता? मग म्हणाल्या, की आयुष्यभर त्यांना वाटत आलं, की आपण बघितलं नाही, तरी ऐकलं की पुरतं. पिनांचं पुरतं. बाकीच्याचं नाही पुरत. मी ज्या समजुती घालायला म्हणून बरोबर नेल्या होत्या, त्या तशाच परत घेऊन खाली आले. खरं सांगायचं, तर समजूत घालण्यासारखं त्यात काही उरलेलंच नव्हतं. चूक त्यांचीच होती, आणि त्यांनी कुणाचं काही वाईट केलेलं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, तेव्हा माणसाने कुठे जावं, ते मला ठाऊक नाही.

जायच्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर आम्ही भिंतीशी थांबलो. जुम्मा नव्हता. शमीमबाई उतरल्या, खांबाच्या रेषेत उभ्या राहिल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, की मी कधी या बाजूला येते का. मी म्हटलं, येईन. अधूनमधून जाते. मला त्यांचं काही म्हणता येत नाही. मी गाडी थांबवते, खांबाच्या रेषेत थोडी उभी राहते आणि परत येते. आम्हीही इथून केव्हातरी जाणार. मग तेही संपेल.

विमानतळावर चौघी आल्या होत्या. ईशाला बाबांनी सोडलं होतं. अंजू सगळ्यांच्या मागे उभी होती. शमीमबाईंनी बूट पांढरे केलेले होते. चेंडू त्यांनी नेला नाही. वजन फार होतं, तो माझ्याकडे आहे. विमानांच्या वेळा दाखवणाऱ्या मोठ्या पडद्याखाली त्या उभ्या होत्या आणि टक लावून वर बघत होत्या. नावं बदलत होती, आकडे बदलत होते, त्या बघतच होत्या. त्यांचं विमान तर केव्हाच लागलं होतं. ईशा हळूच म्हणाली, "मिस, डोन्ट लुक अ‍ॅट द स्क्रीन." तिला गंमत करायची होती. कुणी हसलं नाही, तीही नाही.

मग त्या निघाल्या. प्रवाशांशिवाय कुणाला आत जाऊ देत नाहीत, त्या दारापाशी आम्ही थांबलो. चौघी मुली आपोआप एका ओळीत उभ्या राहिल्या, हॉलमध्ये बाकाशी राहायच्या तशा. मीही त्यांच्या टोकाला उभी राहिले. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांनी तोंडं हसरी केली. एक चेंडू हातून सुटला, की वळून माणसांकडे बघायचं, हे त्या बाईंनी आम्हाला शिकवलं होतं, आणि पडद्याचा नियम मोडला, तरी हा नियम त्यांनी कधी मोडलेला नव्हता. पासपोर्ट दाखवून त्या पलीकडे गेल्या. पाठ दिसत होती, डोक्यावरचा रुमाल दिसत होता, पांढरे बूट दिसत होते. अंजू म्हणाली, "नाऊ शी विल टर्न."

त्या वळल्या नाहीत. गर्दीत रुमाल दिसेनासा झाला, तरी आम्ही उभ्याच होतो. शेवटी दारावरच्या शिपायाने आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. मी मुलींकडे बघितलं, तर चौघींची तोंडं अजून तशीच हसरी होती.